आमचे तीन वाढदिवस

आमचा जन्म केव्हा झाला, या साध्या प्रश्नाला आमच्यापाशी तीन उत्तरे आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९५० ही तारीख आहे. आमच्या आईने आमचा वाढदिवस म्हणून आयुष्यभर २३ जुलै हा दिवस पाळला. आणि आमच्या धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत जन्मतारीख म्हणून ११ जुलै १९५० असे लिहिलेले आहे. सरकारदरबारी आम्ही पहिल्या तारखेने नोकरीस लागलो आणि तिच्याच हिशेबाने निवृत्त झालो. घरी दुसऱ्या तारखेला गोडधोड खाल्ले. तिसऱ्या तारखेचा पत्ता मात्र वयाची पंचविशी उलटेपर्यंत आम्हांला नव्हता.

पहिल्या तारखेचे कोडे फारसे अवघड नाही. आमच्या पिढीतील पुष्कळांचा जन्म कागदोपत्री १ जूनलाच झालेला आहे. शाळेत नाव घालावयास वडील घेऊन गेले, गुरुजींनी तारीख विचारली, वडिलांनी 'लावणीच्या दिवसांतला' असे सांगितले. लावणीचा रकाना शाळेच्या रजिस्टरात नव्हता. जूनमध्ये शाळा सुरू होते, तेव्हा १ जून ही तारीख सर्वांच्या सोयीची. गुरुजींनी ती लिहिली आणि आमचे वय एका क्षणात चाळीस दिवसांनी वाढले. त्याबद्दल आमची कसलीच तक्रार नाही. ज्या गावात काळ सणांनी आणि शेतीच्या कामांनी मोजला जात असे, तेथे 'पेद्रूच्या सणानंतर', 'आगोटीच्या आधी' किंवा 'भात झोडताना' असेच जन्म सांगितले जात.

परंतु दुसरी आणि तिसरी तारीख यांच्यामध्ये जे बारा दिवस आहेत, त्यांची हकिगत सांगण्याजोगी आहे. ती सांगण्यापूर्वी वाढदिवस या गोष्टीकडे आपली ख्रिस्तसभा शतकानुशतके कोणत्या दृष्टीने पाहत आली, हे थोडे पाहावे लागेल. त्यावाचून नोंदवहीतील त्या एका ओळीचे मोल कळणार नाही.

बायबलात वाढदिवस साजरा केल्याचे प्रसंग अगदी मोजके आहेत आणि ते सुखाचे नाहीत. उत्पत्तीच्या पुस्तकात मिसर देशाचा राजा फारो आपल्या जन्मदिवशी मेजवानी देतो आणि त्याच दिवशी आपल्या मुख्य आचाऱ्याला फासावर चढवितो. शुभवर्तमानात हेरोद राजाच्या वाढदिवसाची पंगत बसलेली असताना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात घालून आणले जाते. उलट बाजूस, ईयोब आणि यिर्मया हे दोघे देवाची माणसे. ते दुःखाच्या भरात आपल्या जन्मदिवसालाच शाप देतात. तिसऱ्या शतकातील थोर भाष्यकार ओरिजेन याने यावरून असे अनुमान काढले की, पवित्र शास्त्रात कोणाही संताने आपला जन्मदिवस साजरा केलेला नाही. तसे करणारे सारे पापी लोकच होते.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी म्हणून 'जन्मदिवस' या शब्दाचा अर्थच पालटला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मर्ना येथे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या मंडळींनी लिहिलेल्या पत्रात असा निर्धार आहे की, दरवर्षी त्या दिवशी आपण एकत्र जमू आणि त्यांच्या हौतात्म्याचा जन्मदिवस पाळू. मृत्यूचा दिवस तोच स्वर्गातील जन्माचा दिवस, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. आजही आपल्या उपासना-दिनदर्शिकेत संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनाशी जोडलेले असतात. अपवाद तिघांचाच. प्रभू येशूचा जन्म २५ डिसेंबरला, धन्य कुमारी मरियेचा ८ सप्टेंबरला आणि योहानाचा २४ जूनला साजरा होतो. ज्या योहानाचा एका राजाच्या वाढदिवशी बळी गेला, त्याचा स्वतःचा जन्मदिवस ख्रिस्तसभेने अशा रीतीने जतन करून ठेवला आहे. गोव्यात सांजांवच्या दिवशी पोरे डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून विहिरींत उड्या टाकतात. वांद्र्याला मोत माउलीची जत्रा भरते. हे आपले लोकोत्सवही मुळात वाढदिवसच आहेत.

आमच्या वसईचेच उदाहरण घ्यावे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. इ. स. १५५७ च्या सुमारास ते जन्मले असे चरित्रकार सांगतात. त्या 'सुमारास' या शब्दापलीकडे कोणालाही जाता येत नाही. मात्र जपानात नागासाकी येथे अन्य पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर चढविले तो दिवस, ५ फेब्रुवारी १५९७, जगाला ठाऊक आहे. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत प्रथम विस्ताराने गाणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचीही तीच गत. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, हे नक्की. परंतु त्यांच्या जन्मासाठी '१५४९ च्या सुमारास' एवढ्यावरच समाधान मानावे लागते.

असे असले, तरी ख्रिस्ती परंपरेत एक वाढदिवस आम्हांला फार प्रिय आहे. तो आहे संत ऑगस्टिन यांचा. १३ नोव्हेंबर ३८६ रोजी त्यांना बत्तीस वर्षे पूर्ण झाली. तेव्हा ते मिलान शहराजवळ एका मित्राच्या वाडीवर राहत होते आणि त्यांचा स्नानसंस्कार अद्याप व्हावयाचा होता. त्या दिवशी त्यांनी आप्तमित्रांना बेताचे जेवण दिले आणि जेवणानंतर 'सुखी जीवन म्हणजे काय' या विषयावर चर्चा आरंभिली. ती तीन दिवस चालली आणि पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या बैठकीत त्यांची आई मोनिका बसली होती. विद्वानांच्या मंडळीत ती मोकळेपणाने बोलली आणि मुलाने तिचे बोलणे आदराने लिहून ठेवले. पुढल्या ईस्टरला ऑगस्टिन यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा तेहेतिसावा वाढदिवस उजाडण्यापूर्वीच मोनिकाने ओस्तिया बंदरात देह ठेवला.

याच ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे की, आपले तान्हेपण आपल्याला मुळीच आठवत नाही. ते आईवडिलांच्या तोंडून ऐकले आणि खरे मानले. ही गोष्ट किती साधी, पण किती विचार करावयास लावणारी! जन्म ही अशी घटना आहे की, तिला आपण जातीने हजर असतो, पण साक्ष मात्र दुसऱ्यांनी द्यावी लागते. आईने, सुईणीने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितले म्हणून आपण म्हणतो की, अमुक दिवशी आपण जन्मलो. आपला वाढदिवस हा मुळात दुसऱ्यांच्या शब्दावर ठेवलेला विश्वास असतो.

ही साक्ष कागदावर उतरविण्याची सोय आपल्याकडे झाली, ती ट्रेंटच्या धर्मपरिषदेमुळे. ११ नोव्हेंबर १५६३ च्या अधिवेशनात परिषदेने ठरविले की, धर्मगुरूंनी विवाहांची नोंदवही ठेवावी आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता कोण होते, हेही लिहून ठेवावे. पुढे १६१४ साली पोप पाचवे पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या संस्कारविधीत या वह्या कशा लिहाव्यात, याचे नमुने दिले गेले. यामागे कोणाचा वाढदिवस साजरा व्हावा, असा हेतू नव्हता. गुप्तपणे होणारे विवाह थांबावेत आणि धर्मनात्याने बांधलेल्यांचे आपसांत विवाह होऊ नयेत, ही व्यावहारिक निकड होती. परंतु त्या निकडीतून एक मोठे काम आपोआप घडले. ज्यांची नावे कोणत्याही बखरीत येणार नव्हती, अशा शेतकऱ्यांची, कोळ्यांची, पाथरवटांची लेकरे ख्रिस्तसभेच्या वहीत एकेका ओळीची धनी झाली. प्रत्यक्ष शिवछत्रपतींच्या जन्मतिथीबद्दल शके १५४९ चा वैशाख की शके १५५१ चा फाल्गुन, असा वाद इतिहासकारांत कित्येक वर्षे रंगला. अखेर जेधे शकावलीतील नोंद ग्राह्य मानून शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एवढ्या मोठ्या पुरुषाची ही कथा. मग आमच्यासारख्यांची कोण पुसतो? तरीही आमची ओळ वहीत होती.

सरकारी नोंदीची वाट त्या मानाने पुष्कळ उशिरा रुळली. इंग्रजी अमलात १८८६ साली जन्म, मृत्यू व विवाह यांच्या ऐच्छिक नोंदणीचा कायदा झाला. देशभर जन्मनोंदणी सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. आता तर २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. यापुढे लावणीच्या दिवसांत जन्मलेले मूल १ जूनचे होणार नाही.

आता आमच्या ओळीकडे वळू. १९७६ साली आमचा विवाह ठरला. विवाहापूर्वी स्नानसंस्काराचा दाखला लागतो, म्हणून आम्ही धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी जुनी, वाळवीने कडा खाल्लेली वही काढली आणि पाने चाळता चाळता ते मध्येच थांबले. आमचे लॅटिन मिस्सेत कानांवर पडलेल्या शब्दांपुरतेच, म्हणून त्यांनी अर्थ सांगितला. जन्म ११ जुलै १९५०. स्नानसंस्कार ११ जुलै १९५०, घरी, जीविताला धोका असल्याने. उरलेले विधी चर्चमध्ये २३ जुलै रोजी पूर्ण केले. आणि स्नानसंस्कार कोणी दिला, त्या रकान्यात एका स्त्रीचे नाव होते. ते नाव हिंदू होते.

ते नाव आम्ही ओळखले. ती आमच्या गावची सुईण. सारा गाव तिला मावशी म्हणे. आमच्या लहानपणी दर २३ जुलैला ती घरी येई, ओट्यावर बसे, आणि आई सांदणांची पहिली ताटली आमच्या हाती न देता तिच्यापुढे ठेवी. वर लुगड्याचा खण आणि नारळ देई. वाढदिवस आमचा आणि पहिला मान परक्या बाईला, याचा आम्हांला फार राग येत असे. एका वर्षी तर आम्ही रुसून माडीवर जाऊन बसलो होतो. मावशी खालून हाका मारीत राहिली आणि आम्ही उतरलो नाही. आईने त्या दिवशी आम्हांला मारले नाही, समजावलेही नाही. ती नुसती आमच्याकडे पाहत राहिली.

दाखला घेऊन आम्ही घरी आलो आणि आईला विचारले. तिने हातातले सूप बाजूला ठेवले आणि पंचवीस वर्षांत न सांगितलेली हकिगत सांगितली. ती मंगळवारची रात्र होती. पावसाने वाटा बुडाल्या होत्या. आजी त्यापूर्वीच वारलेली, घरात दुसरे मोठे बाईमाणूस नव्हते. बाळंतपण अडले, तेव्हा आमचे वडील कंदील घेऊन धर्मगुरूंना बोलवावयास गेले. आई वाचत नाही, असेच त्यांना वाटले होते. इकडे मूल जन्मले, ते गळ्याभोवती नाळ गुंडाळलेले, निळे, न रडणारे. मावशीने नाळ सोडविली, पाठ चोळली, पायाला धरून उलटे केले. काही होईना. मग तिने तांब्यातले पाणी आमच्या डोक्यावर ओतले आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव घेऊन आमचा बाप्तिस्मा केला. चाळीस वर्षे ख्रिस्ती घरांत बाळंतपणे करणाऱ्या त्या बाईला ते शब्द कोणा जुन्या पाद्रीबाबांनी शिकवून ठेवले होते. त्यानंतर काही वेळाने आम्ही रडलो.

पहाटे धर्मगुरू भिजत आले. त्यांनी मावशीला ओट्यावर बोलावून विचारले, पाणी कसे ओतले, शब्द कोणते उच्चारले. तिने सर्व जसेच्या तसे सांगितले. मग त्यांनी विचारले, "हे करताना तुझ्या मनात काय होते?" ती म्हणाली, "तुमच्या देवळात करतात ते करायचे होते, फादर." धर्मगुरूंनी मान डोलावली आणि पुन्हा पाणी ओतले नाही. बारा दिवसांनी आम्हांला चर्चमध्ये नेले, तेव्हा फक्त तैलाभ्यंग, शुभ्र वस्त्र, मेणबत्ती हे उरलेले विधी झाले.

त्या धर्मगुरूंनी केले, ते दयेपोटी नियम वाकविणे नव्हते. ख्रिस्तसभेची शिकवणच तशी आहे. संस्कार देणाऱ्याच्या योग्यतेवर संस्काराची सत्यता अवलंबून नसते, कारण खरा देणारा ख्रिस्त असतो, हा मुद्दा संत ऑगस्टिन यांनी डोनाटिस्ट पंथीयांशी झालेल्या वादात ठामपणे मांडला होता. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने स्पष्ट म्हटले की, निकडीच्या वेळी कोणीही, पुरुष वा स्त्री, इतकेच नव्हे तर ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, बाप्तिस्मा देऊ शकते; फक्त विधी योग्य असावा आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतू असावा. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने तर धर्मगुरूंवर जबाबदारी टाकली की, विशेषतः सुइणींना आणि वैद्यांना हा विधी नीट शिकवून ठेवावा. १९८३ च्या संहितेतही भाविकांना बाप्तिस्म्याची योग्य रीत शिकवून ठेवण्याची तरतूद कायम आहे. मावशीने ओट्यावर दिलेले उत्तर आणि फ्लॉरेन्सच्या विद्वान पित्यांनी लिहिलेली अट यांत शब्दांचाच काय तो फरक. तिने ती परिषद ऐकलेली नव्हती. पण जे ती स्वतः कधी घेणार नव्हती, ते तिने आमच्यासाठी नेमके तसेच केले.

मग आईने २३ जुलै का पाळला? आम्ही हेही तिला विचारले. ती म्हणाली, "अकरा तारखेला तू जन्मलास खरा, पण तू माझा आहेस, असे मला तेवीस तारखेला वाटले." त्या बारा दिवसांत रोज सकाळी ती प्रथम आमच्या नाकापुढे बोट धरून पाही. आमच्या आधी तिची दोन लेकरे गेली होती, हेही आम्हांला त्या दिवशी प्रथमच कळले. त्यांच्याही दोन ओळी वहीत आहेत. पुढे एकदा आम्ही त्या शोधून वाचल्या.

आम्हांला हे कळले, तेव्हा मावशी जगात नव्हती. १९६८ साली ती गेली. आम्ही मुंबईत कॉलेजात होतो. तिच्या मातीला गेलो नाही, कारण जाण्याचे कारण आम्हांला ठाऊकच नव्हते. माडीवर रुसून बसलेल्या त्या पोराचे ऋण तसेच राहून गेले.

तेव्हापासून वाढदिवसांचा थाट पुष्कळ बदलला. सांदणांच्या जागी केक आला. केकवर मेणबत्त्या लावण्याची चाल अठराव्या शतकातील जर्मनीतली. सर्वत्र गायिल्या जाणाऱ्या त्या इंग्रजी गाण्याची चाल १८९३ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या दोन शिक्षिका बहिणींनी बालवर्गासाठी प्रसिद्ध केलेली. दोन्ही आता आमच्या घरचीच झाली आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचे वय आमचे असले, तरी मन नाही. बाळंतपणे इस्पितळांत होऊ लागली, ही तर आनंदाची गोष्ट. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभरांपैकी ८८ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यांत झाली. बाळंतपणात दगावणाऱ्या मातांचे प्रमाण २०१८ ते २०च्या अवधीत दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ वर आले. महाराष्ट्रात ते ३३ होते. आमच्या आईला जे बारा दिवस काढावे लागले, ते आज पुष्कळ मातांना काढावे लागत नाहीत. म्हणूनच कदाचित, जन्मदिवस हा आईच्याही जिवावरचा दिवस होता, याचा आपल्याला विसर पडत चालला आहे. केक कापताना मूल मध्यभागी असते आणि आई स्वयंपाकघरात बशा पुशीत असते.

८ जानेवारी २०१४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जमलेल्या भाविकांना विचारले होते की, आपल्या स्नानसंस्काराची तारीख तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे. ज्यांना नाही, त्यांनी घरी जाऊन शोधावी, असा जणू गृहपाठच त्यांनी दिला. आम्ही वाचकांना त्यात थोडी भर घालावयास सांगू. ज्यांची आई हयात आहे, त्यांनी तिला एवढेच विचारावे की, त्या दिवशी घरात कोण कोण होते, पाऊस होता की ऊन होते, कोण धावून आले. मग धर्मग्रामाच्या वहीतील आपली ओळ पाहावी. वही बोलते ते आई विसरलेली असेल, आणि आई बोलेल ते वहीत मावलेले नसेल.

आमच्या घरी आता ११ जुलैला नातवंडे केक आणतात. २३ जुलैला मात्र आम्ही सांदणे करावयास सांगतो. पहिली ताटली मावशीच्या नातीच्या घरी जाते. ती आमच्याच आळीच्या टोकाला राहते. गेल्या खेपेस आमच्या धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, वाढदिवस तुमचा आणि पहिली ताटली त्यांना का?" आम्ही त्याला जवळ बसवून घेतले आणि सांगावयास सुरुवात केली. ताटली पोचविण्याचे काम या वर्षापासून त्याच्याकडे दिले आहे.